औषध तेच, वाट निराळी

'डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिले' असे आपण बोलण्याच्या ओघात सहज म्हणून जातो. दंडाला रबरी नळी आवळायची, कोपराच्या खोबणीत किंवा पंजाच्या मागच्या बाजूला फुगून वर आलेली निळसर शीर बोटाने चाचपायची, सुई आत सारायची, पिचकारीत रक्त आल्याचे पाहायचे आणि औषध सावकाश सोडायचे. जगभरातील इस्पितळांत रोज असंख्य वेळा घडणारी ही क्रिया आहे आणि बहुतेक वेळा तिच्यात काही बिघडत नाही. परंतु हातात रक्तवाहिन्या दोन प्रकारच्या असतात. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या त्या रोहिण्या किंवा धमन्या, आणि हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या त्या नीला. यांनाच रोजच्या भाषेत आपण शिरा म्हणतो. काही ठिकाणी या दोन वाहिन्या एकमेकींपासून जेमतेम काही मिलिमीटर अंतरावर असतात. नीलेसाठी योजलेले औषध चुकून रोहिणीत गेले तर काय होईल?

रक्ताभिसरणाचा धडा शिकलेला एखादा विद्यार्थी म्हणेल, "काय व्हायचे आहे? रक्त तर गोल फिरत असते. औषध या वाटेने नाही तर त्या वाटेने, शेवटी शरीरभर जाणारच." तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात अशा अपघातात बोटे, पंजा, क्वचित कोपरापर्यंतचा हात गमवावा लागतो. हा तर्क नेमका कोठे चुकतो, हे आपण या लेखात पाहू. ते शोधताना भौतिकी, रसायन आणि शरीरक्रियाशास्त्र या तिन्ही विषयांची उजळणी आपोआप होईल.

व्हरमॉन्टमधील एक घटना

अमेरिकेतील व्हरमॉन्ट राज्यात राहणाऱ्या एका संगीतकार महिलेला अर्धशिशीचा त्रास होता. एप्रिल २०००मध्ये डोकेदुखी व मळमळ असह्य झाल्याने त्या दवाखान्यात गेल्या. त्यांना स्नायूत दोन औषधे टोचण्यात आली. एक वेदनाशामक आणि दुसरे मळमळ थांबवणारे प्रोमेथॅझिन. हे दुसरे औषध आपल्याकडेही 'फेनेरगन' या नावाने अनेकांना माहीत आहे. आराम पडला नाही, म्हणून त्याच दिवशी त्या पुन्हा गेल्या. या वेळी प्रोमेथॅझिन सलाईनच्या धारेतून थेंबाथेंबाने न देता पिचकारीने थेट शिरेत सोडण्यात आले. औषधाचा काही भाग रोहिणीत गेला. सुई रोहिणीत शिरली असेल किंवा शिरेतून बाहेर झिरपलेले औषध शेजारच्या रोहिणीपर्यंत पोहोचले असेल. पुढे हातात कोथ झाला, म्हणजे पेशी मरून अवयव काळा पडू लागला. आधी उजवा पंजा आणि नंतर कोपराखालचा हात कापून टाकावा लागला. वाद्ये वाजवणे हाच ज्यांचा चरितार्थ, त्यांचा उजवा हात गेला.

हे प्रकरण न्यायालयात गेले. औषध रोहिणीत गेल्यास कोथ होऊ शकतो ही सूचना वेष्टनावर होतीच. परंतु पिचकारीने थेट देण्याऐवजी सलाईनमधून द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटलेले नव्हते. 'वायथ विरुद्ध लेव्हीन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २००९ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. औषधाला सरकारी मान्यता मिळाली म्हणून पुरेसा इशारा देण्याची कंपनीची जबाबदारी संपत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या इंजेक्शनच्या माहितीपत्रकावर चौकटीतील ठळक इशारा आला.

औषध जुने, परिचित आणि मात्राही नेहमीचीच. मग घडले ते कशामुळे?

ओढे नदीला मिळतात, पाट वाफ्यांत संपतात

विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हातावर दंडपट्टी बांधून एक साधे प्रात्यक्षिक दाखवले होते. फुगलेल्या शिरेतील रक्त बोटाने पंजाच्या दिशेने सारण्याचा प्रयत्न केला तर ते झडपांपाशी अडते. हृदयाच्या दिशेने मात्र ते सहज सरकते. नीलेत रक्त हृदयाकडे वाहते आणि रोहिणीत हृदयापासून दूर, हे यावरून सिद्ध होते.

या दोन दिशांचा औषधाच्या दृष्टीने अर्थ फार वेगळा आहे. नीला म्हणजे डोंगरातला ओढा. तो दुसऱ्या ओढ्याला मिळतो, दोन्ही मिळून नदीला मिळतात आणि पात्र रुंदच होत जाते. नीलेत सोडलेले औषध पुढेपुढे अधिकाधिक रक्तात मिसळत जाते. रोहिणीचे याच्या उलट आहे. शेतातील पाटाला फाटे फुटावेत, फाट्यांना सऱ्या फुटाव्यात आणि शेवटी पाणी एकेका वाफ्यात जिरावे, तशी रोहिणी फुटत फुटत केशवाहिन्यांत जाऊन संपते. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रॉन असतो, म्हणजे तांबडी रक्तपेशी जेमतेम जाऊ शकेल इतकाच.

याचा हिशोब मांडून पाहू. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मिलीलिटर रक्त पुढे ढकलते. ५ मिलीलिटर औषध ५ सेकंदांत नीलेत सोडले, तर हृदयात पोहोचेपर्यंत त्याला सुमारे ४०० मिलीलिटर रक्त भेटते. औषध जवळजवळ ८० पट विरळ होते. आता तेच औषध कोपराजवळच्या रोहिणीत गेले असे समजा. पुढच्या हाताकडे जाणारा विश्रांतीच्या वेळचा प्रवाह थोडा असतो. तो सोयीसाठी सेकंदाला १ मिलीलिटर धरू. त्या ५ सेकंदांत ५ मिलीलिटर औषधाला भेटणारे रक्त अवघे ५ मिलीलिटर. औषध जवळपास मूळ तीव्रतेनेच बोटांच्या सूक्ष्म वाहिन्यांवर जाऊन आदळते.

विद्यार्थ्याचा तर्क येथे चुकला. रक्त गोल फिरते हे खरे, पण त्या फेऱ्यात औषधाला पहिल्यांदा काय भेटते, हृदयाचा प्रशस्त कप्पा की बोटाच्या टोकाची केशवाहिनी, यावर सारे अवलंबून आहे.

द्रावणाचा साका होतो तेव्हा

या अपघाताचा सखोल अभ्यास झाला तो एका भुलीच्या औषधामुळे. थायोपेंटोन हे औषध १९३४ साली अमेरिकेत वापरात आले. शिरेत टोचताच अर्ध्या मिनिटाच्या आसपास रुग्ण झोपी जाई. नाकावर धरलेल्या वायूने गुदमरण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचे होते, त्यामुळे त्याचा प्रसार झपाट्याने झाला. त्याबरोबरच हात गमावल्याच्या बातम्याही येऊ लागल्या. १९४८ साली एस. एम. कोहेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात अशा अपघातांचा विस्तृत आढावा घेतला.

थायोपेंटोन हे मुळात दुर्बल आम्ल असून पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून त्याचा सोडियम क्षार वापरतात. तो विरघळतो, पण द्रावण तीव्र आम्लारिधर्मी होते. त्याचा सामू साडेदहाच्या आसपास असतो. रक्ताचा सामू ७.४. सामूचे मापन दशपटीत चालते हे लक्षात घेतले, तर या दोहोंतील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात हजार पटींहून अधिक फरक पडतो. औषध रक्तात मिसळताच सामू उतरतो, क्षाराचे पुन्हा न विरघळणारे आम्ल बनते आणि त्याचे स्फटिक होतात. १९६६ साली डी. जे. वॉटर्स यांनी रोहिणीतील इजेमागे हीच भौतिक-रासायनिक घटना असल्याचे मांडले. स्फटिक नीलेतही तयार होतात, पण पुढे वाढत जाणाऱ्या रक्तात ते पुन्हा विरघळून जातात. रोहिणीत त्यांना विरघळायला रक्तही नाही आणि वेळही नाही. ते लहान वाहिन्यांच्या तोंडाशी जाऊन अडकतात.

वर्गात हे तत्त्व दाखवणे सोपे आहे. अंगाचा साधा साबण किसून कोमट पाण्यात विरघळवावा आणि वरचे द्रावण काचेच्या पेल्यात घ्यावे. त्यात गाळलेला लिंबाचा रस थेंब थेंब घालून ढवळावे. द्रावण दुधाळ होते आणि पांढरे कण वेगळे होऊ लागतात. साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार आहे. आम्ल मिळताच न विरघळणारे मेदाम्ल सुटे होते. (डिटर्जंट पावडर घेऊ नये. तिची रासायनिक घडण वेगळी असल्याने असा साका पडत नाही.) रक्त काही लिंबाच्या रसासारखे आम्लधर्मी नसते, पण थायोपेंटोनच्या द्रावणाच्या मानाने ते बरेच कमी आम्लारिधर्मी असते आणि साका पडायला तेवढे पुरते.

या समजुतीचा लगेच उपयोग झाला. सुरुवातीला शेकडा ५ आणि शेकडा १० तीव्रतेची द्रावणे वापरत. शेकडा अडीचच्या द्रावणाने इजा पुष्कळ कमी होते असे दिसल्यावर तीच तीव्रता रूढ झाली. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोपोफॉल आले. ते रोहिणीत गेल्यास तीव्र वेदना होतात, पण सहसा कोथ होत नाही. आज अनेक देशांत थायोपेंटोनचा वापर मागे पडला आहे.

स्फटिकांच्या पलीकडे

स्फटिकांवरच सगळी जबाबदारी टाकून मात्र चालत नाही. व्हरमॉन्टच्या घटनेतील प्रोमेथॅझिनचे द्रावण आम्लारिधर्मी नव्हे, तर आम्लधर्मी असते. तरीही हात गेला. म्हणजे आणखीही काही घडत असले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे वाहिनीच्या अस्तराला होणारी इजा. रोहिणीच्या आतून पेशींचा एकपदरी गुळगुळीत थर असतो. या थरामुळेच रक्त वाहिनीत गोठत नाही. तीव्र औषधाने हे अस्तर पोळले की रक्तबिंबिका तेथे चिकटू लागतात आणि गुठळ्या तयार होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वाहिनीचे आकुंचन. रोहिणीच्या भिंतीत स्नायूंचा जाड थर असतो. सशाच्या कानाच्या रोहिणीवरील प्रयोगांतून असे दिसले की औषधाच्या माऱ्याने तेथे नॉरॲड्रिनॅलिन सुटते. त्याने हे स्नायू आवळले जातात. नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा प्वाझ्यूचा नियम येथे आठवावा. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, एक षोडशांशावर येतो.

तिसरी गोष्ट सूज. प्राणवायूवाचून पेशी तडफडू लागल्या की केशवाहिन्यांतून पाणी झिरपते. पुढच्या हाताचे स्नायू न ताणणाऱ्या पटलांच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. सूज आली तरी कप्पा वाढत नाही. आतला दाब वाढतो आणि उरलासुरला रक्तपुरवठाही दाबला जातो. हे असे दुष्टचक्र आहे. स्फटिक किंवा अस्तराची इजा, त्यातून आकुंचन, त्यातून मंद प्रवाह, मंद प्रवाहात गुठळी, गुठळीमुळे सूज आणि सुजेमुळे आणखी मंद प्रवाह. स्नायू रक्तावाचून साधारण चार ते सहा तास तग धरतात. त्यानंतरची हानी भरून येणे कठीण.

ब्रिटनमधील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. टेमॅझेपाम या झोपेच्या औषधाच्या द्रवरूप कॅप्सुलांतील औषध व्यसनी लोक टोचून घेत. ते थांबावे म्हणून १९८९च्या सुमारास आतील द्रवाऐवजी जेल भरण्यात आले. व्यसनी लोकांनी ते गरम करून टोचले. शरीरात गेल्यावर जेल पुन्हा घट्ट झाले आणि रोहिण्या बुजून अनेकांनी हातपाय गमावले. शेवटी १९९६ साली तेथील सरकारी आरोग्यसेवेने या कॅप्सुला देणे बंद केले. गोळ्यांची पूड टोचणाऱ्यांचेही असेच होते. गोळीतील शंखजिऱ्याचे आणि स्टार्चचे कण रक्तात विरघळतच नाहीत.

चूक होते कशी?

प्रशिक्षित हातांकडूनही असे घडावे याचे आश्चर्य वाटेल. परंतु भुलीच्या प्रकरणांबाबतचे जे जुने अंदाज सांगितले जातात, त्यांतील सर्वांत मोठा ३,४४० रुग्णांत एक आणि सर्वांत लहान ५६,००० रुग्णांत एक असा आहे. म्हणजे घटना विरळा, पण अशक्य नव्हे.

पहिले कारण शरीररचनेचे. कोपराच्या खोबणीत सर्वांत ठळक शीर असते ती नेमकी हाताच्या मुख्य रोहिणीच्या वरून जाते. दोहोंमध्ये पडदा असतो तो फक्त दंडाच्या स्नायूपासून निघालेल्या एका चिवट पटलाचा. पूर्वी रक्त काढून रोग बरे करण्याची प्रथा होती, तेव्हा शीर कापणाऱ्याचे पाते या पटलामुळे रोहिणीपर्यंत जात नसे. म्हणून फ्रेंच भाषेत त्याला 'देवाची कृपा' अशा अर्थाचे नाव पडले. काही व्यक्तींमध्ये मात्र एखादी रोहिणी जन्मतःच या पटलाच्या वरून, कातडीलगत गेलेली असते. दिसायला ती शिरेसारखीच. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूलाही असे घडू शकते.

दुसरे कारण परिस्थितीचे. दंडपट्टी फार आवळली तर रोहिणीचे ठोकेही दबतात आणि ओळखण्याची खूण नाहीशी होते. रक्तदाब अतिशय उतरलेल्या रुग्णाचे रोहिणीतील रक्त उसळी मारत नाही व काळसरही दिसते. स्थूल माणसाची किंवा तान्ह्या बाळाची शीर सापडणे कठीण जाते. तिसरे कारण अतिदक्षता विभागातले. तेथे रक्तदाब सतत मोजण्यासाठी रोहिणीत मुद्दाम नळी घातलेली असते आणि शेजारीच नीलेतील नळ्याही असतात. घाईत औषध भलत्याच नळीत जाऊ शकते. म्हणून रोहिणीच्या नळीवर लाल खूण करण्याची पद्धत आहे.

ओळखायचे कसे?

सर्वांत बोलकी खूण रुग्ण स्वतःच देतो. औषध सोडताच सुईच्या जागेपासून खाली, बोटांच्या टोकांपर्यंत आगीसारखी वेदना उतरते. नीलेत दिलेल्या औषधानेही कधी झोंबते, पण ते झोंबणे सुईपासून वर, खांद्याच्या दिशेने जाते. वेदनेची दिशा म्हणजे प्रवाहाची दिशा. हार्वेंचा सिद्धांत रुग्णाच्या तोंडून ऐकू येतो म्हणा ना! पाठोपाठ बोटे पांढरी पडतात, मग निळसर ठिपके उमटतात, पंजा गार पडतो, मुंग्या येतात किंवा स्पर्श कळेनासा होतो. मनगटावर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे मात्र धोक्याचे, कारण मोठी रोहिणी वाहती असली तरी पुढच्या सूक्ष्म वाहिन्या बुजलेल्या असू शकतात.

दुसरी खूण भौतिकीची आहे. सलाईनची बाटली साधारण १ मीटर उंचीवर टांगली तर त्या स्तंभाचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका होतो. नीलेतील दाब फार तर ५ ते १० मिलिमीटर, त्यामुळे सलाईन सहज वाहते. रोहिणीतील सरासरी दाब मात्र ९०च्या आसपास असतो. सुई रोहिणीत असेल तर सलाईन चालत नाही. उलट रक्तच नळीत वर चढू लागते आणि ठोक्याबरोबर हलते. स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोडीच्या रोहिणीला जोडलेल्या काचेच्या नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले होते. तत्त्व तेच.

शंका उरली तर त्या नळीतले थोडे रक्त तपासतात. रोहिणीतील रक्तात प्राणवायूचा दाब साधारण ९५ ते १०० मिलिमीटर असतो, तर नीलेत ४०च्या आसपास.

उपचार

अपघात लक्षात येताच औषध देणे त्या क्षणी थांबवतात. पुढची पायरी कोणालाही उलटी वाटेल अशी आहे. सुई किंवा नळी काढून टाकायची नाही! घाबरून ती उपसण्याकडेच हाताचा कल असतो. परंतु पेटलेल्या घरात जाण्याचा रस्ता हाच आहे. खात्री करून घेण्यासाठी, मिठाचे शुद्ध द्रावण सावकाश सोडून औषध विरळ करण्यासाठी आणि उपचाराची औषधे नेमक्या जागी पोहोचवण्यासाठी तीच नळी उपयोगी पडते.

त्यानंतरचे उपचार वर पाहिलेल्या दुष्टचक्राच्या एकेका कडीवर घाव घालतात. गुठळ्या वाढू नयेत म्हणून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देतात. आवळलेली रोहिणी सैल व्हावी यासाठी पॅपाव्हरिन, कॅल्शियमचा शिरकाव रोखणारी औषधे, आयलोप्रॉस्ट अशी वाहिन्या रुंदावणारी औषधे वापरली गेली आहेत. हाताकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंना मानेपाशी किंवा काखेत इंजेक्शन देऊन बधिर करण्याचाही मार्ग आहे. त्याने वेदना शमते आणि वाहिन्याही सैल पडतात. गुठळी झालीच असेल तर रोहिणीतून बारीक नळी सरकवून गुठळी विरघळवणारे औषध जागेवर सोडतात. सूज उतरावी म्हणून हात उंच ठेवतात. कप्प्यातील दाब वाढत चालला तर शल्यविशारद कातडी व पटल लांबवर चिरून कप्पा मोकळा करतात. दिसायला ती जखम भयंकर असते, पण तिच्यामुळे हात वाचतो.

यांतील कोणता उपचार सर्वांत चांगला? या प्रश्नाचे ठाम उत्तर वैद्यकाकडे नाही, आणि त्याचे कारण विद्यार्थ्यांना समजावून देण्याजोगे आहे. एखादे औषध गुणकारी ठरवायचे तर रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी लागते. येथे अपघात विरळा, प्रत्येक वेळी औषध वेगळे, मात्रा वेगळी आणि लक्षात येण्याची वेळ वेगळी. शिवाय कोणाच्या रोहिणीत मुद्दाम असे औषध सोडून प्रयोग करता येत नाही. त्यामुळे उपचारांचा आधार एकेका रुग्णाच्या नोंदी आणि प्राण्यांवरील प्रयोग एवढाच राहिला आहे. विज्ञानाला काही प्रश्नांची उत्तरे अशी तुकड्यातुकड्यांतूनच मिळवावी लागतात. पहिल्या काही तासांचे मोल मोठे आहे, याबद्दल मात्र दुमत नाही.

कमरेतील इंजेक्शनाचे काय?

आतापर्यंत शिरेतील इंजेक्शनाबद्दल बोललो. आपल्या खेड्यापाड्यांत त्याहून परिचयाचे आहे ते कमरेतील, म्हणजे नितंबाच्या स्नायूत दिलेले इंजेक्शन. तेथेही असाच अपघात क्वचित घडतो. १९२४ साली फ्रॉइडेनथाल आणि १९२५ साली निकोलाऊ यांनी उपदंशावर दिल्या जाणाऱ्या बिस्मथच्या इंजेक्शनांनंतर त्याचे वर्णन केले. पुढे बेंझाथिन पेनिसिलिन, डायक्लोफेनॅक यांसारख्या औषधांनंतरही तो आढळला. टोचताच असह्य वेदना होते, कातडी पांढरी पडते, मग तिच्यावर निळ्या-जांभळ्या जाळीसारखी नक्षी उमटते आणि काही दिवसांत तो भाग मरून खोल जखम होते. औषध लहान रोहिणीत किंवा तिच्या भोवती गेल्याने हे घडते, असे मानले जाते.

यावरील खात्रीचा उपाय एकच, गरज नसताना इंजेक्शन न घेणे. 'सुई टोचल्याशिवाय ताप उतरत नाही' ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. पोटात घेऊन काम भागत असेल तेथे डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती अडाणीपणाची नव्हे, शहाणपणाची खूण समजावी.

रोहिणी निषिद्ध नव्हे

हे वाचून रोहिणीत काहीच टोचू नये असा समज होईल. तसे नाही. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९२७ साली मानेतील रोहिणीत क्ष-किरण अडवणारे द्रावण सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतील वाहिन्यांची पहिली चित्रे घेतली. आज लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगावर थेट डोळ्याच्या रोहिणीपर्यंत बारीक नळी नेऊन औषध सोडतात. तेथे औषध विरळ न होता नेमक्या जागी पोहोचणे, हेच हवे असते. ज्या गुणामुळे अपघातात हात जातो, त्याच गुणाचा येथे उपयोग करून घेतलेला आहे. फरक इतकाच की पदार्थ, तीव्रता आणि वेग आधी विचारपूर्वक ठरवलेले असतात.

'हे औषध सुरक्षित आहे का?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या वाटेने, किती तीव्रतेचे आणि किती वेगाने, हे त्याला जोडून विचारायला हवे. प्रोमेथॅझिनच्या बाबतीत अमेरिकी औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३मध्ये सूचना आणखी कडक केल्या. शक्यतो स्नायूत खोल द्यावे, आणि शिरेतून द्यायचेच झाले तर विरळ करून सावकाश सोडावे, असे आता माहितीपत्रकात सांगावे लागते. औषधाचा रेणू तोच राहिला, बदलली ती त्याची वाट.

आपण किंवा आपले कोणी इंजेक्शन घेत असताना आग बोटांकडे उतरली, तर सोसत बसू नये, तत्काळ सांगावे. लहान मूल रडले तरी 'सुईला घाबरते' म्हणून ते उडवून लावू नये. त्या तक्रारीत रक्तप्रवाहाची दिशा दडलेली असते, आणि ती ऐकणारा वेळेवर थांबला तर हात वाचू शकतो.

वर्गात विचारण्यासाठी

१. त्रिज्या २० टक्क्यांनी कमी झालेल्या वाहिनीतून मूळच्या किती टक्के प्रवाह चालेल? (०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ४१ टक्के.)

२. बाटली १ मीटरऐवजी पावणेदोन मीटर उंचीवर टांगली, तर 'सलाईन चालत नाही' ही खूण विश्वासार्ह राहील का? (नाही. दाब सुमारे १२९ मिलिमीटर होईल व सलाईन रोहिणीतही शिरेल.)

३. नीलेत दिलेल्या औषधाला पहिली केशवाहिनी कोणत्या अवयवात भेटते, आणि तेथे सहसा अपाय का होत नाही? (फुप्फुसांत. तोपर्यंत ते हृदयातील रक्तात मिसळून विरळ झालेले असते आणि फुप्फुसांतील केशवाहिन्यांचे जाळे फार विस्तृत असते.)